ओगाता गुरुजींचा विराम

आमच्या शाल्मली मशीन टूल्समध्ये जपान आधी भिंतीवर आला, मग माणसांच्या तोंडी आला आणि शेवटी माझ्या नवऱ्याच्या हातात शिरला. पहिल्या दोन गोष्टींना माझी काही हरकत नव्हती. उलट त्या मीच पुढे होऊन केल्या. मी त्रिशला मगदूम, गोकुळ शिरगावच्या या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. भिंतीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक हातोड्याची सावली रंगवून घेतली, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की लगेच दिसावं. जमिनीवर पिवळे पट्टे मारले. डोक्यावरून एक लाल दोरी नेली. चूक दिसली की ती कुणीही ओढायची, अगदी झाडूवाल्या मावशींनीसुद्धा, आणि अख्खं काम थांबवायचं. जपानमध्ये तशीच असते म्हणे. आमच्या गड्यांनी पहिल्या आठवड्यात चहाला उशीर झाला म्हणूनही ती ओढली. मग हळूहळू शिस्त लागली.

हे सगळं आणलं डॉ. हर्षद सबनीस यांनी. पुण्याहून आलेले आमचे संशोधन प्रमुख. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडाल. जपानमध्ये बरीच वर्षं राहून आलेले आणि तिथल्या कारागिरीवर अक्षरशः जीव ओवाळून टाकणारे.

"मॅडम, वस्तू बनवणं वेगळं आणि वस्तूत जीव ओतणं वेगळं," ते मला सांगायचे. "तिकडे चाळीस वर्षं एकच काम करणाऱ्याला ताकुमी म्हणतात, देवासारखा मान देतात. ताकुमीची एकही हालचाल फुकट नसते. एकही!"

"आमच्याकडे चाळीस वर्षं एकच काम करणाऱ्याला प्रमोशन हुकलेला म्हणतात," मी म्हटलं. ते हसले, पण मला वाटतं त्यांना ते लागलं.

आमचं काम कसलं ते थोडक्यात सांगते. आम्ही ग्राइंडिंग मशीनचे बेड बनवतो, म्हणजे ज्या लोखंडी पाटावर बाकी सगळं मशीन सरकतं तो पाट. तो सपाट हवा, आणि सपाट म्हणजे केसाच्या पन्नासाव्या भागाइतकाही उंचसखल नको. बरं, काचेसारखा गुळगुळीतही चालत नाही, कारण दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून शेवटचा हात माणसालाच मारावा लागतो. सपाट पट्टीला निळा रंग लावायचा, ती बेडवर फिरवायची, रंग जिथं उमटेल तिथं उंचवटा आहे असं समजायचं आणि स्क्रॅपरनं तेवढाच कण खरवडायचा. त्यानं बारीक बारीक खळगे पडतात आणि त्यांत तेल धरून राहतं. जगात रोबो कुठल्या कुठे पोचले, पण हे काम त्यांना अजून जमत नाही. आणि हे करणारी माणसं संपत चालली होती.

यावर सबनीसांनी आणलेला उपाय म्हणजे 'करबिंब'.

कोपरापर्यंत येणारे दोन पट्टे आणि डोक्याला एक टोपी, एवढंच ते दिसायला. गुरूच्या हातावर पट्टा चढवायचा. मेंदूकडून बोटांच्या स्नायूंकडे जाणारा प्रत्येक विजेचा इशारा तो टिपतो. कुठली नस कुठल्या बोटाची हे नक्की करायला तो मधूनमधून स्वतःही नसेत थोडी वीज सोडतो. मग तो सगळा नकाशा शिष्याच्या पट्ट्यात भरायचा. शिष्य काम करायला लागला की पट्टा त्याच्या नसा गुरूच्या क्रमानं, गुरूच्या जोरानं चाळवतो, आणि टोपी त्याच क्षणी लहान मेंदूला चुंबकीय टिचकी मारते की हे बरोबर, हे लक्षात ठेव. सायकल एकदा आली की विसरत नाही ना, तसं. काही आठवड्यांनी पट्टा काढला तरी हात गुरूचाच चालतो. अट एकच होती: गुरूच्या आणि शिष्याच्या बोटांचा नकाशा मुळात जितका जुळेल तितकं चांगलं.

जपानमधल्या एका जुन्या कंपनीनं आपल्या ओगाता नावाच्या ताकुमीचा हात टिपून आम्हाला दिला होता. आमच्या सगळ्या फिटरांचे नकाशे काढले गेले. कुणाचा अर्धामुर्धा जुळला, कुणाचा तेवढाही नाही. आणि शांतिनाथ मगदूमचा इतका जुळला की सबनीसांना यंत्र बिघडलं असं वाटलं. शांतिनाथ मगदूम म्हणजे आमचे हे.

"मगदूमदादा, तुमचे आणि ओगाता गुरुजींचे हात सख्खे भाऊ आहेत!" सबनीस नाचायचेच बाकी होते.

"कुंभमेळ्यात हरवलो असू," हे म्हणाले.

आमच्या ह्यांचे हात पहिल्यापासूनच बोलके. तसे ते व्हायला कारण आमची लेक, सन्मती. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती पाळण्यात असतानाच हे मूकबधिर शाळेतल्या बाईंकडे जाऊन खुणांची भाषा शिकले, आणि नुसती शिकले नाहीत, त्यात पटाईत झाले. हातानं चहाड्या सांगायचे. माझ्या आत्याची नक्कल अशी करायचे की पोरगी हसून हसून जमिनीवर लोळायची. सन्मती आता एकोणीस वर्षांची, ग्राफिक्सचा डिप्लोमा करते. मला विचाराल तर मला खुणा येतात त्या 'जेवलीस का', 'पसारा आवर', 'किती वाजले बघ' एवढ्याच; तिनं अगदी सावकाश केल्या तर आणखी थोड्या कळतात. बाकी तिचं मन, तिची भांडणं, तिच्या मैत्रिणी हे सगळं माझ्यापर्यंत ह्यांच्या हातातून यायचं. मला वाटायचं, एवढं पुरे आहे की. घरात एकाला येतं ना?

यंत्र चढलं आणि खरंच चमत्कार झाला. तोवर ह्यांचं काम चांगलं म्हणावं असं होतं. आता त्यांनी खरवडलेल्या बेडवर निळ्या रंगाचे ठिपके असे सारखे उमटले की मी भिंग लावून बघतच राहिले. खुद्द जपानहून माणसं येऊन वाकून नमस्कार करून गेली.

आणि त्या हाताबरोबर एक विराम आला.

काही फटके मारून झाले की ह्यांचा हात आपोआप थांबायचा. स्क्रॅपर कमरेला टेकलेला राहायचा. उजव्या हाताची बोटं पंजासारखी वाकायची, थरथरायची, आणि मग त्या हाताची कड डाव्या तळव्यावर येऊन टेकायची. क्षणभर तसंच. मग पुन्हा काम सुरू.

"हाच तो!" सबनीस कुजबुजले. "त्यांच्या अहवालात लिहिलंय. गुरुजी बोटांतला ताण झटकतात आणि तळव्यावर समतोल तोलतात. पूर्ण मौनात. रेकॉर्डिंग चाललं तेवढे दिवस त्या माणसानं तोंडातून एक शब्द काढला नाही, मॅडम. साधना म्हणतात ती ही."

मी काय केलं असेन? मी गुणवत्तावाली. चांगली पद्धत दिसली की ती सगळ्यांना लावायची, हाच माझा धंदा. ह्यांच्या हाताचे फोटो काढले, टप्पे पाडले, भिंतीवर मोठा फलक लावला: गुरुजींचा विराम. सगळ्या फिटरांना रांगेत उभं करून शिकवला. आधी कुरकुरले, मग त्याची फॅशनच झाली. कुणाचा वाढदिवस असला तर केक कापायच्या आधी विराम. क्रिकेटमध्ये विकेट घेतली की विराम. आणि खरं सांगते, चुका कमीसुद्धा झाल्या. क्षणभर हात थांबला तर कुणाच्याही चुका कमी होतील म्हणा.

मग एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, सन्मती बाबाला कॉलेजातलं काहीतरी सांगत होती. ह्यांनी उत्तर द्यायला हात उचलले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा सांग, म्हणाली. ह्यांनी पुन्हा हात हलवले. मला काही वेगळं दिसलं नाही, पण तिचा चेहरा उतरला. मग तिनं त्यांना एकच खूण करायला सांगितली, तिच्या नावाची. ते नाव ह्यांनीच पाडलेलं: गालावरच्या खळीला बोट लावायचं आणि हवेत एक भिरकी. ह्यांचं बोट गालापर्यंत गेलं, थबकलं, आणि बाकीची बोटं पंजासारखी वाकली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. डाव्या हातानं उजवा धरून बोट गालावर नेलं, तर भिरकी येईना.

"काय ओ, चेष्टा करताय का तिची?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"त्रिशला, माझं नाही ऐकत गं हे," ते म्हणाले.

सन्मती माझ्याकडे वळली. मी ढ म्हणून माझ्यासाठी ती नेहमी सावकाश खुणा करते, तशी करत म्हणाली, "हा बाबाचा आवाज नाही. बाबाच्या हातात दुसरं कुणीतरी बोलतंय."

सबनीसांना फोन लावला तर ते म्हणाले, तात्पुरतं असेल, सरावानं परत येईल. मी ते धरून बसले. घरात मात्र चिडीचूप झालं. तुम्ही म्हणाल, ऐकू न येणारी पोरगी आहे, घर आधी काय गजबजलेलं होतं? होतं हो. मला ऐकू येत नव्हतं इतकंच. आता बापलेक ताटावर बसायचे आणि एकमेकांकडे बघायचेच नाहीत. तो एखादी खूण करायला जायचा, ती अर्धवट मोडायची, आणि ती पोरगी मान फिरवायची. फोनवर लिहून बोला, मी म्हटलं. ह्यांनी लिहिलं, "जेवलीस का?" तिनं लिहिलं, "हो." माझ्या दर्जाचं बोलणं झालं ते.

पुढच्या शनिवारी कारखान्यात कुटुंब दिन होता. बायकापोरं येतात, बाबा काय काम करतात ते बघतात, वडा-सांबार खातात. सन्मती यायला तयार नव्हती, मी ओढून आणली. मला वाटलं, बाबाचं कौतुक बघेल तर राग जाईल. दुपारी सबनीसांनी सगळ्या फिटरांना बेडांसमोर उभं केलं आणि प्रात्यक्षिक सुरू झालं. सगळ्यांचे फटके एका लयीत. मग सगळ्यांचा एकदम विराम. बोटं वाकली, थरथरली, हाताची कड तळव्यावर टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सन्मतीनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

"ही भाषा आहे," ती म्हणाली.

"कसली भाषा? पद्धत आहे ती कामाची," मी मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं.

"आई, मला कळतं. ज्याला गाणं येत नाही त्यालाही गाणं आहे एवढं तरी कळतं ना? ही आपली भाषा नाही. पण भाषाच आहे. हे सगळे काहीतरी म्हणताहेत."

तिनं फोन काढून चित्रीकरण केलं आणि हारुकाला पाठवलं. हारुका म्हणजे जपानमधली तिची मैत्रीण, तीही ऐकू न येणारी, चित्रकारांच्या कुठल्याशा ग्रुपवर भेटलेली. आम्ही वड्याच्या रांगेत उभ्या असताना उत्तर आलं. फोन आपोआप भाषांतर करतो हल्ली. सन्मतीनं वाचलं आणि पडदा माझ्यासमोर धरला.

"पहिली खूण: दुखतंय. दुसरी खूण: थांबवा. तुमच्या कारखान्यात इतक्या माणसांना एकदम काय होतंय? मी पोलिसांना कळवू का?"

मी मान वर केली. समोर आमचे गडी दुसऱ्या फेरीचं प्रात्यक्षिक करत होते. हसत होते. पोरं त्यांची नक्कल करत होती. बायका फोटो काढत होत्या. दुखतंय, थांबवा. दुखतंय, थांबवा. आणि मागे भिंतीवर माझ्या सहीचा फलक.

मी धावत गेले आणि लाल दोरी ओढली. भोंगा वाजला, सगळं जागच्या जागी थांबलं.

"काय झालं मॅडम? कुठला पीस?" सगळे विचारायला लागले. मी सन्मतीचा फोन सबनीसांच्या हातात दिला.

सबनीसांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो: सबनीस, हे, सन्मती आणि मी. समोरच्या पडद्यावर एका बाजूला हारुका, दुसऱ्या बाजूला ओगाता गुरुजींच्या रेकॉर्डिंगचं मूळ चित्रण. ते सबनीसांनी आजवर पूर्ण पाहिलंच नव्हतं. त्यांच्याकडे होते ते नुसते आकडे आणि अहवाल.

एक बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस. दोन्ही हातांवर पट्टे. भोवती कोट घातलेली माणसं. तो काम करतो. पट्टा नसेत वीज सोडतो तेव्हा त्याच्या मानेची शीर ताठते. तो थांबतो, बोटं वाकवून थरथरवतो, तळव्यावर हात ठेवतो. आणि कोटवाली माणसं एकामागून एक कमरेत वाकून त्याला नमस्कार करतात.

तो म्हणतोय थांबवा, आणि हे नमस्कार करताहेत!

हारुका एकेक खूण लिहून पाठवत होती. दुखतंय. थांबवा. पुढे एकदा, माझ्या बायकोला बोलवा, तिला सांगता येईल. पुन्हा नमस्कार. शेवटी शेवटी तर तो नुसत्या बोटांच्या टोकांनी म्हणत होता, कारण हात उचलायची ताकद राहिली नव्हती.

"ते... त्यांना ऐकू येत नव्हतं?" सबनीस पांढरेफटक पडले होते. "कुणी सांगितलंच नाही. अहवालात होतं, गुरुजी बोलत नाहीत. आम्हाला वाटलं, मौन... ताकुमीची एकही हालचाल फुकट नसते, म्हणून आम्ही काहीच गाळलं नाही."

"गाळलं असतं तर बरं झालं असतं," मी ओरडले. "नाहीतर विचारायचं तरी! माणूस थांबला तर 'काय झालं' असं विचारायला कसली फिलॉसॉफी लागते हो?"

स्वतःशीच बोलल्यासारखं, सबनीसांनी नकाशाचं कोडं उलगडलं. आमच्या ह्यांचे हात त्या हातांशी इतके कसे जुळले? दोघंही वर्षानुवर्षं बोटांनी बोलत आले होते म्हणून. आणि मेंदूत सारख्या सवयी शेजारी शेजारी राहतात, नवी आली की शेजारचीच जुनी पुसते. जितकं जास्त जुळलं, तितकं जास्त पुसलं. दुसऱ्या कुणा फिटराचं थोडंफार वळण गेलं असतं. ह्यांची लेकीशी बोलायची भाषा गेली.

हारुकानं दुसऱ्याच दिवशी ओगाता गुरुजींचं घर शोधून काढलं. पडद्यावर त्यांच्या पत्नी आल्या, फुमिए नावाच्या. त्याही ऐकू न येणाऱ्याच. शेजारी गुरुजी बसलेले, हात मांडीवर. त्या खुणांनी बोलायच्या, हारुका लिहायची, फोन मराठी करायचा.

"त्या रेकॉर्डिंगनंतर हे हातानं फक्त जेवतात," त्या म्हणाल्या. "बोटं खुणेपर्यंत पोचत नाहीत. कंपनीच्या माणसांना वाटतं, निवृत्त झाल्यावर किती शांत झालेत. ते दरवर्षी फुलं पाठवतात."

आमच्या ह्यांचा हात तेवढ्यात, कुणी न सांगता, पुन्हा तेच बोलून गेला. बाईंनी ते पाहिलं आणि पडद्याला हात लावला. आपल्या नवऱ्याचं बोलणं त्या किती तरी दिवसांनी ऐकत होत्या, कोल्हापूरच्या एका परक्या माणसाच्या हातावर. गुरुजींनी मात्र मान खाली घातली. मला तिथं बसवेना.

आता जे राहिलं ते ह्यांचं काय करायचं एवढंच. सबनीस चार दिवस झोपले नसावेत. तारवटलेले डोळे घेऊन ते म्हणाले, चढवलेला हात पुसता येत नाही. दादांचा आधी काढलेला नकाशा नुसता जुळवणीपुरता होता, त्यात खुणा टिपलेल्याच नाहीत. त्याच्यावर दुसरा हात चढवता येतो, आणि तो दुसरा हात मगदूमदादांच्या जुन्या हाताशी जुळणारा हवा. जगात असा हात एकच आहे.

सन्मतीला ते लिहून दाखवायची गरजच पडली नाही. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"दुखेल?" मी विचारलं.

"यावेळी दुभाषी शेजारी बसवू. वीज अगदी कमी ठेवू. पण कमी ठेवली तर नकाशा पुसट येईल, मग थोडी वाढवावी लागेल..." सबनीस अडखळले. "खरं सांगायचं तर, मॅडम, ओगाता गुरुजींचे हात विजेच्या कुठल्या पातळीला गेले हे मला माहीत नाही. तुमच्या मुलीचे जाणार नाहीत अशी हमी मी देऊ शकत नाही."

हे खुर्चीतून उठले. "नाही," ते म्हणाले. "विषय संपला."

तुम्हाला धक्का बसेल, मलाही बसला, पण माझ्या मनात त्या क्षणी 'हो' होतं. मला माझं घर परत हवं होतं. बापलेक ताटावर भांडताना हवे होते. थोडंसंच दुखेल, मी मनात म्हणत होते, थोडंसंच. त्या कोटवाल्या माणसांनीही मनात हेच म्हटलं असणार!

आणि सन्मती एकोणीस वर्षांची, कायद्यानं सज्ञान. ती सरळ करबिंबाच्या खुर्चीत जाऊन बसली आणि दोन्ही हात पट्ट्यात घातले. ह्यांनी तिच्यासमोर जाऊन हात हलवले, त्यांच्या मोडक्या, परक्या हातांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला. तेव्हा तिनं ते केलं जे ती लहानपणी हट्ट करताना करायची. डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसानं डोळे मिटले की संपलं. मग कुणी कितीही ओरडा, कुणी काहीही सांगा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही.

"सन्मती! अगं ए!" हे ओरडले. आपल्या मुलीला हाक मारून उपयोग नाही हे त्या माणसाइतकं कुणाला माहीत होतं? तरी ओरडले. सबनीस बटणापाशी उभे होते. माझ्याकडे बघत होते. मी मान हलवायची तेवढी बाकी होती.

ह्यांनी गुडघे टेकले. पट्ट्यातून तिचा डावा हात ओढून काढला, उताणा केला आणि तिच्या तळव्यावर आपली बोटं वाकवली. ती तिथं थरथरली. मग हाताची कड तिच्या तळव्यावर आपटली. खाडकन आवाज आला.

तिनं डोळे उघडले.

ती बापाकडे बघत राहिली. तो रडत होता. मग तिनं दुसरा हात स्वतःच पट्ट्यातून काढून घेतला आणि उठली. सबनीस बटणापासून दूर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

बाहेर आल्यावर मी तिला थांबवलं. माझ्या मोडक्यातोडक्या खुणांत मी विचारलं, कारण मला कळायलाच हवं होतं. ती खूण तर गुरुजींची होती, बाबाच्या हातावर हजारदा येते, आपोआप. मग तू का उठलीस? कुणाचं ऐकून उठलीस?

"बाबाचं," ती म्हणाली.

"कशावरून?"

तिनं तळवा पुढे केला. तो अजून लाल होता.

"गुरुजी विनवणी करत होते, आई," ती म्हणाली, माझ्यासाठी सावकाश. "हा मला रागावला."